डीएसएल ब्रॉडबँड वाहिनीवरील त्रुटींची आकडेवारी व पुनर्प्रेषण : एक विवेचन

प्रस्तावना :
टेलिफोनच्या तांब्याच्या तारांवरून अंकीय माहिती वाहून नेणाऱ्या तंत्रास डीएसएल असे म्हणतात. भारतात बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये याच तंत्रावर आधारित ब्रॉडबँड सेवा सुरू केली. मोडेमच्या माहितीपटलावर त्रुटींची संख्या हजारोंनी दिसली की वाहिनी सदोष आहे, असा समज होतो. तथापि त्रुटी कोणत्या प्रकारची, ती केव्हा घडली आणि दुरुस्त झाली की नाही, हे पाहिल्याशिवाय त्या संख्येस अर्थ प्राप्त होत नाही. हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

त्रुटींचे मोजमाप :
प्रेषक मोडेम मूळ माहितीसोबत काही जादा बाइट पाठवितो. आयर्विंग रीड व गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतनपद्धतीनुसार १६ जादा बाइटांच्या आधारे एका गटातील ८ चुकीचे बाइट दुरुस्त करता येतात. अशा दुरुस्तीची नोंद 'एफईसी' या नावाने होते. ही नोंद मोठी असली तरी वापरकर्त्याची माहिती सुरक्षितच असते. दुरुस्त न झालेली त्रुटी मात्र 'सीआरसी' तपासणीत उघड होते. ज्या सेकंदात अशी एक जरी त्रुटी आढळते तो 'त्रुटियुक्त सेकंद', तर १८ किंवा अधिक आढळल्यास तो 'गंभीर त्रुटियुक्त सेकंद' होय. सलग १० गंभीर सेकंदांनंतर वाहिनी अनुपलब्ध मानली जाते. या नोंदी १५ मिनिटे व २४ तास अशा कालखंडांनुसार ठेवल्या जातात. चार हजार त्रुटी एकाच मिनिटात घडणे आणि दहा दिवसांत विखुरणे यांतील फरक त्यामुळेच कळतो.

पुनर्प्रेषण :
क्षणिक विद्युत-गोंगाटामुळे अनेक बाइट एकदम बिघडतात. 'इंटरलीव्हिंग'मध्ये ते विखुरले जाऊन दुरुस्त होतात. परंतु विलंब वाढतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०१० च्या जी.९९८.४ या मानकाने पुनर्प्रेषणाचा मार्ग दिला. प्रेषक पाठविलेल्या गटाची प्रत काही काळ जपून ठेवतो व गट बिघडल्यास तोच पुन्हा पाठवितो. येथे तीन आकडे मिळतात : पुन्हा पाठविलेले, त्यामुळे वाचलेले आणि तरीही न सुधारलेले गट. यांपैकी तिसराच वापरकर्त्यास जाणवतो. गट वाहिनीवरच वाचला नाही, तर टीसीपीस माहिती दुरून पुन्हा मागवावी लागते. शिवाय टीसीपी सामान्यतः ही हानी गर्दीचे लक्षण समजून वेग घटविते. मात्र प्रती जपण्याची क्षमता मर्यादित असल्याने दीर्घकाळ टिकणाऱ्या गोंगाटावर पुनर्प्रेषण हा उपाय ठरत नाही.

एक उदाहरण :
वेल्समधील अबरहोसन या खेड्यात सुमारे १८ महिने रोज सकाळी सातच्या सुमारास ब्रॉडबँड सेवा विस्कळीत होत असे. केबल बदलूनही उपयोग झाला नाही. अखेर वर्णपट-विश्लेषकाच्या साहाय्याने शोध घेतला असता, त्या वेळी सुरू होणारा एक जुना दूरचित्रवाणी संच गोंगाटाचा उगम असल्याचे आढळले. ही बाब सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाली. दोष तारेत नव्हताच. तो ठरावीक वेळी बाहेरून येत होता.

निष्कर्ष :
दुरुस्त झालेल्या त्रुटींच्या संख्येवरून वाहिनीस दोष देणे उचित नाही. न सुधारलेले गट व त्रुटियुक्त सेकंद यांची वेळेनुसार नोंद ठेवून ती तक्रारीसोबत दिल्यास दोषाचा शोध योग्य दिशेने सुरू होतो आणि अनावश्यक खर्च टळू शकतो.