स्पॅनिशमधील ‘पेरा’ म्हणजे पेरू नव्हे

झाशीत मराठी कुटुंबे अठराव्या शतकापासून आहेत. इलाइट चौराह्यावरचा फळविक्रेता ज्याला ‘अमरूद’ म्हणतो, तो त्यांच्या घरात ‘पेरू’ होतो. हे फळ मूळचे अमेरिका खंडातले. फारसीत ‘अमरूद’ म्हणजे नासपती. ‘पेरू’ हा शब्दही पोर्तुगीज ‘पेरा’वरून आल्याचे मानले जाते आणि त्याचाही अर्थ नासपतीच! नवख्या फळाला दोन्ही भाषांनी उसने नाव दिले, तेही एकाच फळाचे.

स्पॅनिश शिकणारा मराठी विद्यार्थी नेमका इथेच फसतो. स्पॅनिशमध्येही ‘पेरा’ म्हणजे नासपती. पेरू हवा असल्यास ‘ग्वायाबा’ मागावा लागतो. पपईला ‘पापाया’ म्हणतात, हे सोपे. क्यूबामध्ये मात्र तो शब्द असभ्य समजला जात असल्याने ‘फ्रूता बोम्बा’ म्हणणे बरे. अननस ओळखीचा वाटतो, पण अर्जेंटिनात ‘अनानास’ चालतो, तर स्पेन व मेक्सिकोत ‘पिन्या’ म्हणतात.

संत्र्याचा ‘नारांखा’ कानाला परका वाटला तरी तो घरचाच आहे. संस्कृत ‘नारंग’ फारसी आणि अरबीमार्गे स्पेनला पोहोचला. मराठीतले ‘नारिंग’ त्याचेच भावंड.