जुनी बुलेट आणि मागे बसणाऱ्याचा कणा

गेल्या पावसाळ्यात सत्तरीच्या एक आजी माझ्या दवाखान्यात आल्या. आजोबांच्या जुन्या बुलेटवर मागे बसून जाताना गतिरोधकावर दणका बसला आणि पाठीतून कळ निघाली. क्ष-किरण तपासणीत एक मणका दबून मोडल्याचे दिसले. आजोबा खिन्नपणे म्हणाले, "डॉक्टर, गाडी मी अगदी हळू चालवत होतो हो." ते खरेच होते. गाडीचे मागचे शॉकअप मात्र कधीच निकामी झाले होते.

वाचकहो, मागे बसणाऱ्याचा भार बहुतांशी मागच्या चाकावर येतो आणि पुढचा खड्डा त्याला दिसतही नाही. शॉकअपमधील स्प्रिंग दणका झेलते. आतील तेल तिची उसळी आवरते. तेल गळाले की हे काम कण्यावर येऊन पडते. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीला एवढा दणकाही पुरतो.

परीक्षा घरीच करता येते. गाडीचा मागचा भाग जोराने खाली दाबून सोडावा. तो वर येऊन स्थिरावला तर ठीक. दोनतीनदा हेलकावला किंवा शॉकअपच्या दांड्यावर तेल दिसले, तर दोन्ही शॉकअप एकदमच बदलावेत. नव्यांची लांबी मूळच्याइतकीच असावी. मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुशही तपासून घ्यावेत.

कडक स्प्रिंग म्हणजे उत्तम स्प्रिंग, हा समज मात्र सोडावा. अतिकडक स्प्रिंग दणका तसाच वर पोहोचवते. मागे कोणी बसणार असेल, तर शॉकअपवरील खाचांची कडी एकदोन खाचा वाढवावी आणि टायरमधील हवा कंपनीने सांगितल्याइतकीच ठेवावी.

तरीही शॉकअप म्हणजे औषध नव्हे. उंची घटली असेल, पाठीला बाक आला असेल, किरकोळ पडण्याने पूर्वी हाड मोडले असेल किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असेल, तर हाडांची घनता तपासून घ्यावी आणि तोवर दुचाकी टाळावी. दणक्यानंतर पाठ दुखू लागल्यास मालीश न करता डॉक्टरांकडे जावे. पायांत बधिरपणा वा अशक्तपणा आला किंवा लघवी अडली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

त्या आजोबांनी शॉकअप बदलले. आजी आता रिक्षाने येतात. आजोबा बुलेटवरून त्यांच्या मागोमाग येतात. दोघांच्याही वयाला ते शोभते.