चौकाबाहेर आलेला हात

डहाणूच्या वारली पाड्यावर लग्न निघालं की कारवीच्या कुडाची भिंत शेणाने सारवतात, वर गेरूचा हात देतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं जातं, बांबूच्या काडीचं टोक ठेचून कुंचला होतो आणि सवाशिणी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायला बसतात. मधोमध पालघाट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. लग्न पार पडलं की चित्राचं काम संपलं. पुढच्या सारवणात ते भिंतीतच मुरून जातं. घरात जपून ठेवावं असं काही मागे राहत नाही. राहतो तो फक्त हात. तो आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे जातो.

चित्रकारांच्या घराण्यांचा आढावा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करायला हवी. कारण बायकांच्या हातच्या या परंपरेतलं सर्वांत गाजलेलं नाव एका पुरुषाचं आहे. जिव्या सोमा म्हसे. आई लहानपणीच गेली, पोराने बोलणं टाकलं आणि तो धुळीत रेघा ओढून सांगू लागला. पुढे मोठेपणीही त्याने हातातली काडी ठेवली नाही. सणावाराची वाट न पाहता, मनात येईल तेव्हा तो चित्रं काढत राहिला. 1970 नंतरच्या काळात चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली मुलखातल्या गंजाडच्या बाजूला पोचले. त्याआधी दुष्काळात होरपळलेल्या बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला होता. इथे मात्र तो कागद जिव्याने उचलला. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्याची चित्रं लागली, 1989 मध्ये पॅरिसला गेली. 2011 मध्ये पद्मश्री मिळाली.

कागदावर आल्यावर चित्रही बदललं. चौकाची चौकट सुटली. टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांची माणसं तीच, पण आता ती शेतात, तारपा वाजतो तेव्हाच्या नाचाच्या फेऱ्यात, मासे धरायच्या जाळ्याभोवती पांगली. जाळ्याच्या एकेका पिळात जिव्या शेकडो बारीक रेघा भरत असे. 2018 मध्ये तो गेला. सदाशिव आणि बाळू या मुलांनी हीच रेघ पुढे चालवली. त्यांना ती भिंतीवरून नव्हे, बापाच्या कापडावरून मिळाली. एका पिढीत वारशाची वाटच फिरली.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर आदिवासींची चित्रकथी आहे. तिथली रीत उलटी. रामायण-महाभारतातल्या आख्यानांची पानं पोथीच्या पोथीने सांभाळायची, देवळात एकेक पान दाखवत कथा गायची. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता तोवर हे चाललं. पुढे ऐकणारेच पांगले. परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये घरचा गोठा साफ करून तिथे संग्रहालय मांडलं. मुलंही या कामात उतरली, 2021 मध्ये पद्मश्री आली. पोथी तीच आहे. समोर बसतो तो आता देवळातला गावकरी कमी आणि लांबून आलेला पाहुणा जास्त.

शहरातली गोष्ट आणखी निराळी. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले आणि एक्केचाळीस वर्षं तिथेच रमले. लेक अंबिका हिनेही 1931 मध्ये तिथूनच पदविका घेतली. ती स्वतः चित्रकार. पण 1944 मध्ये वडील गेले आणि त्यांची चित्रं सांभाळणं हे तिच्या जन्माचं काम होऊन बसलं. 2009 मध्ये ती गेली, तोवर तिची ओळख बहुतेक वेळा धुरंधरांची मुलगी अशीच करून दिली जाई. भरलेलं घर मिळालं, त्याचं ओझंही मिळालं.

तिन्ही घरं शेजारी ठेवली की एक दिसतं. रेघ, रंग, पोथी हे सगळं बाप लेकरांना देऊ शकतो. चित्र कशासाठी काढायचं, ते मात्र देता येत नाही. जिव्याने लग्नाचं निमित्त सोडून रोजचं जगणं धरलं. गंगावण्यांनी देऊळ गेल्यावर गोठा धरला. अंबिकाबाईंनी जपण्यालाच काम मानलं. ज्या घरात हा शोध थांबतो, तिथे त्याच त्या नकला उरतात. तारप्याचा फेरा आज चहाच्या कपावर, मोबाइलच्या कव्हरवर फिरताना दिसतो, तो असा.

आणि चौक? तो अजून लिहिला जातो. लिहिणाऱ्या बाईचं नाव कोणी विचारत नाही, तिलाही ते सांगायचं सुचत नाही. शेजारी एक पोर पीठ कालवत असते आणि पीठ घट्ट झालं की तिला पाणी घालायला सांगतात.