सेप्टिक टँकच्या पोटात

सेप्टिक टँकचं झाकण उचललं की सगळ्यात वर तपकिरी, फुगीर साय दिसते. तेल, तूप, साबणाचा फेस असं जे पाण्याहून हलकं, ते तिथे जमतं. तिच्याखाली गढूळ पाणी आणि तळाशी मैल्याचा गाळ. टाकीत ना पंप असतो, ना गाळणी. आलेलं मैलापाणी दिवस-दोन दिवस संथ उभं राहिलं की जड ते खाली बसतं आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळ कुजवून त्याचा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड करतात. मधलं पाणी शोषखड्ड्यात जाऊन जिरतं. हे जिवाणू आपल्याच विष्ठेतून येतात. त्यामुळे गूळ, ताक, शेण किंवा दुकानातली पावडर ओतायची काहीच गरज नसते.

मात्र जिवाणू गाळ कमी करतात, संपवत नाहीत. तो साचत गेला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि मैला न बसताच शोषखड्ड्याकडे निघतो. तिथली माती एकदा चोंदली की नुसती टाकी उपसून भागत नाही. म्हणून टाकी तुंबायची वाट न पाहता दोन-तीन वर्षांनी उपसावी.

संडासात ओतलेली अ‍ॅसिडची किंवा फिनेलची अख्खी बाटली या जिवाणूंच्या जिवावर उठते. भांडं घासायला थोडंसं वापरलं तर बिघडत नाही.

तळणीच्या तेलाचं दुखणं वेगळंच. कढईतलं तेल बेसिनमध्ये ओतून वर गरम पाणी सोडलं की काम झालं असं वाटतं, पण ते तेल पुढच्या थंड पाइपात जाऊन चिकटतं. मोठ्या गटारात तेलातली मेदाम्लं कॅल्शियमला धरतात आणि दगडासारखा साबण तयार होतो. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात असा सुमारे 250 मीटर लांबीचा, 130 टनांचा गोळा सापडला. त्यात ओले वाइप्स गच्च गुंतले होते. वाइप ओला करून दोन्ही हातांनी ओढून पाहा, सहज फाटत नाही. सॅनिटरी पॅड तर पाणी पिऊन फुगतो आणि पाइप बंद करतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेने पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळा द्यायला सांगितलं, ते सगळीकडे व्हायला हवं. तेल गार करून बाटलीत भरावं, कढई कागदाने पुसून मग घासावी.

तुंबलेल्या टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं हा तर गुन्हाच आहे. 2013 च्या कायद्याने त्यावर बंदी आहे, तरी माणसं उतरवली जातात आणि मरतात. आत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास येत नाही म्हणून धोका नाही असं समजून माणूस उतरतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच कोसळतो. ही टाकी फक्त यंत्राच्या गाडीनेच उपसायची असते.

सातारा जिल्ह्यातल्या वाईमध्ये नगरपरिषदेने 2018 पासून ठरलेल्या वेळापत्रकाने, भागाभागात गाडी पाठवून टाक्या उपसायला सुरुवात केली. तक्रार येण्याची वाट पाहायची नाही, तीन वर्षांतून एकदा प्रत्येक टाकीची पाळी यावी, असा हिशेब. उपसलेला मैला ओढ्यात न सोडता प्रक्रिया केंद्रात नेला जातो. मात्र गाडी दारात आली तरी तिचा पाइप आत जायला झाकण मोकळं लागतं. अंगणात नवी फरशी घालताना गवंड्याला ते झाकण बुजवू देऊ नका.