फॉलिक ॲसिडची गोळी आधीच का?

“डॉक्टर, दिवस राहिले की गोळ्या सुरू करूच!” असे नवविवाहित मुली आणि त्यांच्या सासूबाई मला नेहमी सांगतात. फॉलिक ॲसिडच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. तो कसा, ते पाहू.

पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या डीएनएची दुसरी प्रत तयार करते. डीएनए ही चार प्रकारच्या मण्यांची माळ समजा. त्यांपैकी एका मण्याचे नाव थायमिडिलेट. दुसऱ्या एका रेणूला मिथाइल नावाचा छोटासा गट जोडला की हा मणी बनतो. तो गट पुरवण्याचे काम फॉलेट हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व करते. फॉलिक ॲसिड हे त्याचेच गोळीतील रूप. फॉलेट कमी पडले की मणी कमी पडतात, माळ अपुरी राहते. पेशी नुसती फुगते, दुभंगत नाही.

याचा फटका सतत नव्या पेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला लवकर बसतो. तांबड्या पेशी मोठ्या, पण संख्येने कमी होतात. डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरांनी १९२८पासून मुंबईत गरोदर स्त्रियांच्या अशा पंडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच फॉलेट.

गर्भाच्या पेशीही झपाट्याने दुभंगतात. मेंदू व मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात! नळी उघडी राहिली तर बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा डोक्यात गंभीर व्यंग येते. आधीचे मूल असे असलेल्या मातांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिल्यास पुन्हा तसे होण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी घटतो, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले.

म्हणून मूल हवे असे ठरताच, निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी आणि पहिले तीन महिने चालू ठेवावी. आधीचे मूल सव्यंग असेल किंवा फिटची औषधे चालू असतील, तर जास्त मात्रा लागू शकते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. फिटची औषधे मात्र मनाने बंद करू नयेत.

पालक, मेथी, हरभरा, चवळी, शेंगदाणे आहारात असावेत. भाजी फार शिजवू नये, तिचे पाणी फेकू नये. पण केवळ आहारावर विसंबून गोळी टाळू नये.

एक सावधगिरी. शाकाहारी व्यक्तींमध्ये ब-१२ची कमतरता बरेचदा आढळते. तेव्हा नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हातापायांना मुंग्या येत असतील तर आधी तपासून घ्यावे.