पारावरची रिकामी जागा

माझ्या दवाखान्याच्या खिडकीतून समोरचा पिंपळाचा पार दिसतो. सायंकाळी पाचच्या सुमारास तेथे सहा-सात वृद्ध मंडळी जमतात आणि दिवेलागणीला उठतात. विषय ठरलेले असतात. कोणाच्या नोकरीतला जुना साहेब, कोणाचा गुडघा, कोणाच्या कुंडीतल्या मोगऱ्याला आलेल्या कळ्या, कोणाची राहून गेलेली काशीयात्रा. रुग्ण तपासताना त्यांचे बोलणे माझ्या कानांवर येत नाही, पण आज कोण आले नाही हे मात्र लक्षात येते. इतक्या वर्षांत या रिकाम्या जागेकडे पाहण्याची मला सवयच लागली आहे. माणूस दवाखान्यात येण्यापूर्वी बरेचदा पारावरून नाहीसा होतो.

दोन वर्षांपूर्वी टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ असेच दिसेनासे झाले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) महिन्याभराने त्यांची सून त्यांना घेऊन आली. “डॉक्टर, तात्या अलीकडे फार विसरायला लागलेत. विचारावं एक, तर उत्तर देतात दुसरंच. बाहेरही पडत नाहीत. हा स्मृतिभ्रंश तर नाही ना?” तिच्या आवाजात खरी काळजी होती. मी तात्यांना काही विचारले की ते आधी सुनेकडे पाहत आणि मग उत्तर देत. नोंदवही तोंडासमोर धरून मी सहज आवाजात विचारले, “आज चहा झाला का?” तात्या हसून म्हणाले, “हो, आता बरा आहे.”

सुनेला बाहेर बसवून मी त्यांच्याशी जवळून, सावकाश बोललो, तेव्हा खरी गोष्ट कळली. पारावर एका मित्राने आपल्या भावाच्या अखेरच्या दिवसांविषयी सांगायला सुरुवात केली होती. तात्यांना वाटले, नेहमीचाच एखादा किस्सा चालला आहे. सांगणारा थांबला आणि तात्या मोठ्याने हसले. कोणी काही बोलले नाही. घरी परतल्यावर केव्हातरी त्यांना उलगडा झाला आणि त्या दिवसापासून त्यांनी पारावर पाऊल टाकले नाही.

वाचकहो, वयोमानाने येणारा बहिरेपणा असाच चोरपावलांनी येतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. यात सगळे आवाज सारखे मंदावत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात, ते पुष्कळ काळ ऐकू येत राहतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने मात्र उंच पट्टीची आणि हलकी. ती गळाली की ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक उरत नाही. म्हणूनच अशी माणसे म्हणतात, “मला ऐकू येतं हो, पण तुम्ही लोक नीट बोलत नाही.” त्यांची तक्रार त्यांच्या परीने अगदी खरी असते. बंद खोलीत एका माणसाशी बोलताना ओठांच्या हालचालीवरून आणि संदर्भावरून निभावते. पारावर मात्र एका वेळी तिघे बोलत असतात, मागून दुचाकी जातात, आणि तेथेच सगळे बिघडते. नातवंडांचे कोवळे आवाज न कळणे हेही याचेच लक्षण. घरातली मंडळी त्याला दुर्लक्ष समजतात, हट्ट समजतात, कधी विसराळूपणा समजतात.

तात्यांच्या दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला होता. तो आधी काढला. (काडी, किल्ली, हेअरपिन, गरम तेल यांतले काहीही कानात घालू नका. कानाची भोके पडलेले पडदे मी पुष्कळ पाहिले आहेत.) त्यानंतर कानाच्या तज्ज्ञांकडे श्रवणचाचणी झाली. दोन्ही कानांत मध्यम प्रतीचा बहिरेपणा निघाला आणि श्रवणयंत्रे घेण्याचे ठरले.

येथे एका गोष्टीची पूर्वकल्पना द्यायला हवी. चष्मा लावताच अक्षरे स्पष्ट दिसतात, श्रवणयंत्राचे तसे नाही. पुष्कळ वर्षांनी पंख्याची घरघर आणि भांड्यांचा खणखणाट कानांवर येऊन आदळतो. त्याने गोंधळून पहिल्याच आठवड्यात यंत्र कपाटात ठेवून देणारे कितीतरी आहेत. मेंदूला ही नवी सवय लागायला काही आठवडे जावे लागतात. पहिले काही दिवस घरात, शांततेत, एका माणसाशी बोलताना यंत्र वापरावे. मग दोघांत, चौघांत, आणि पारावर सर्वांत शेवटी. पारावर बसताना पाठ रस्त्याकडे आणि तोंड मंडळींकडे ठेवावे, म्हणजे गोंगाट मागे राहतो आणि बोलणाऱ्यांचे चेहरे दिसतात. मित्रांनीही एक पथ्य पाळायला हवे. ओरडू नये, त्याने शब्द अधिकच फाटतात. समोर तोंड करून, थोडे सावकाश, एका वेळी एकाने बोलावे. यंत्राची किंमत हा कित्येक घरांत मोठा अडसर असतो. दारिद्र्यरेषेखालील आणि अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना चष्मा, काठी, कवळी, श्रवणयंत्र अशी साधने मिळावीत यासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात तिची अवश्य चौकशी करावी. आणि ऐकू येणे एकाएकी, एक-दोन दिवसांत, विशेषतः एकाच कानाने कमी झाले, तर ते वयोमानाचे नव्हे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांना गाठावे. त्यावर उपचार असतो, पण तो वेळेत सुरू व्हावा लागतो.

तात्यांचा ‘विसराळूपणा’ पुष्कळसा ओसरला. सगळा नव्हे. शहात्तराव्या वर्षी थोडे विसरायचेच. परंतु सुनेची शंका अनाठायी होती असेही मी म्हणणार नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी आणि आपल्याला काही प्रमाणात टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान तर आहेतच, शिवाय बहिरेपणा आणि माणसांपासून तुटून एकटे पडणे हीदेखील आहेत. तात्यांच्या बाबतीत ही दोन्ही कारणे हातात हात घालून चालली होती. ऐकू येत नाही म्हणून गप्पांना जायचे नाही, आणि गप्पा नाहीत म्हणून मेंदूला काम नाही. गप्पा हे मेंदूचे काम आहे, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. दुसऱ्याचे ऐकायचे, त्याचा धागा पकडायचा, आपली आठवण शोधायची, योग्य शब्द उचलायचा, आणि कोण रुसेल याचेही भान ठेवायचे. एकट्याने शब्दकोडे सोडवण्यात यातले फार थोडे घडते.

गप्पांचा आणखी एक उपयोग आम्हा डॉक्टरांना होतो. मी रुग्णाला पाच-सात मिनिटे पाहतो, पारावरची मंडळी त्याला रोज दोन तास पाहतात. त्यामुळे बदल त्यांच्याच आधी लक्षात येतो. कोणता बदल महत्त्वाचा, एवढे मात्र ठाऊक हवे. तोच किस्सा चौथ्यांदा सांगणे हे काही आजाराचे लक्षण नाही. तसे असते तर मलाही दाखल करावे लागेल. निवृत्त माणूस वारंवार कचेरीच्या आठवणी काढतो म्हणून घरचे वैतागतात, पण त्याची तीस-पस्तीस वर्षे तेथे गेली. त्याला बोलू द्यावे. चिंता करावी ती निराळ्याच गोष्टींची. वर्षानुवर्षे रमीचे गुण लिहिणाऱ्याची बेरीज चुकू लागली, ओळखीच्या वस्तूचे नाव वारंवार अडू लागले, पारावरून घरी जाताना वळण चुकले, तर त्याच्या घरच्यांच्या कानांवर घालावे. चहाडी समजून गप्प बसू नये. डॉक्टर आधी ब-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, कान आणि मनाची उदासी यांची तपासणी करतील, कारण या चारही गोष्टी विसराळूपणाचे सोंग आणतात. शाकाहारी व्यक्तींमध्ये आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ब-१२ ची कमतरता आढळते.

हेच बदल एक-दोन दिवसांत घडले, म्हणजे काल नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलू लागला, तर वाट पाहू नये. लघवीचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, रक्तातले सोडियम घटणे, नवे औषध यांपैकी काहीही असू शकते. आणि बोलता बोलता जीभ जड झाली, तोंड एका बाजूला वाकडे झाले, हातातला चहाचा पेला निसटला, तर तो पक्षाघात समजावा. ‘जरा पडून राहा, बरे वाटेल’ असे म्हणण्यात अमूल्य वेळ जातो. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नये.

पारावरच्या एका गोष्टीला मात्र माझा सक्त विरोध आहे, ती म्हणजे गोळ्यांची देवाणघेवाण. “मला ही लागू पडली, तूही घेऊन बघ.” हेतू प्रेमाचा असतो, परिणाम फार वाईट. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी मित्राच्या गुडघ्याला आराम देते. तीच तुमचा रक्तदाब वाढवू शकते आणि मूत्रपिंडाला इजा करू शकते. तुम्ही रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असाल तर जठरात रक्तस्राव घडवू शकते. प्रोस्टेटसाठी दिलेल्या काही गोळ्यांनी उठून उभे राहताच रक्तदाब उतरतो, चक्कर येते आणि खुबा मोडतो. मित्राला गोळीचे नाव सांगा, गोळी देऊ नका. त्याने ते नाव आपल्या डॉक्टरांना विचारावे.

प्रवासाच्या गप्पांबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. चार दिवसांच्या अष्टविनायक यात्रेवर ही मंडळी आधी तीन महिने आणि नंतर सहा महिने बोलतात. निघण्यापूर्वी एवढेच पाहावे. बसमध्ये अडचण नको म्हणून लघवीची गोळी परस्पर बंद करणारे पुष्कळ असतात. ती बंद करू नये, तिची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारावे. विमानप्रवासात औषधे आणि इन्सुलिन चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावे, खाली जाणाऱ्या सामानात इन्सुलिन गोठू शकते. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. हृदयाचा किंवा दम्याचा विकार असेल तर नावनोंदणीचे पैसे भरण्याआधी तपासणी करावी, नंतर नव्हे. भरलेल्या पैशांपुढे डॉक्टरांचा सल्ला टिकत नाही, हा माझा अनुभव आहे.

हे सारे मी पाराविषयी लिहिले, आणि पार हा बहुतांशी पुरुषांचा. स्त्रियांच्या गप्पांना अशी ठरलेली जागा नसते. त्या भजनी मंडळात, भिशीत, भाजी निवडताना किंवा संध्याकाळी देवळाच्या पायरीवर होतात. म्हणून त्या बंद पडल्या तरी कोणाच्या ध्यानात येत नाहीत. तात्यांची सून मला जाता जाता म्हणाली, “सासूबाईंच्या आजारपणापासून दोन वर्षं मी भिशीला गेलेले नाही.” मी तिचा रक्तदाब मोजला, तो वाढलेला होता. घरातल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीने आपले मैत्र सर्वांत आधी सोडलेले असते, आणि तिला कोणी विचारतही नाही. माझे सांगणे असे की आठवड्यातून एक सायंकाळ तिची असावी. त्या दोन तासांत मुलाने, भावाने, शेजाऱ्यांनी घर सांभाळावे. कोणीच नसेल तर आपल्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात चौकशी करावी, किंवा ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मदत विचारावी. मन फारच खचले असेल, ‘आता जगून काय करायचे’ असे शब्द कोणाच्याही तोंडी येऊ लागले, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. सरळ विचारावे. टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

तात्या सुमारे दोन महिन्यांनी पारावर परतले. त्याआधी ते त्या मित्राच्या घरी जाऊन आले होते. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

आता पावसाळा तोंडावर आला आहे. पार ओला झाला की मंडळी चार महिने पांगतात, आणि दसऱ्याला पुन्हा जमतात तेव्हा एखादी जागा रिकामी राहिलेली असते. यंदा मी त्यांना दवाखान्याचा पुढचा ओटा देऊ केला आहे. सायंकाळी पाच ते सहा मी रुग्ण घेत नाही, बाकेही आहेत. चहा त्यांनी आपला आणायचा आहे. तुमच्या गल्लीत असा एखादा ओटा, वाहनतळाचा कोपरा किंवा देवळाचा सभामंडप असेल, तर तो पहिल्या पावसाआधी ठरवून ठेवा, आणि न येणाऱ्याच्या घरी त्याच दिवशी फोन कोणी करायचा, तेही.