राजकीय मानसशास्त्राच्या संशोधनपत्रिका आणि आपण

चळवळीच्या बैठकीत एक प्रश्न वारंवार निघतो. ज्या पुढाऱ्याने आपल्यासाठी काहीच केले नाही, त्यालाच आपली वस्ती पुन्हा पुन्हा मते का देते? अन्याय डोळ्यांदेखत घडत असता माणसे गप्प का राहतात? या प्रश्नाची उत्तरेही ठरलेली आहेत. लोक अज्ञानी आहेत, लोक विकले जातात, लोकांत जागृती नाही. ही उत्तरे देणारा बहुधा व्यासपीठावर असतो आणि ज्यांच्याविषयी ती दिली जातात ते खाली सतरंजीवर बसलेले असतात. त्यामुळे ती तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

हाच प्रश्न काही अभ्यासक शिस्तीने तपासत आले आहेत. त्यांच्या शास्त्राला राजकीय मानसशास्त्र म्हणतात. माणूस सत्तेपुढे का झुकतो, केव्हा उठतो, ‘आपले’ आणि ‘परके’ कसे ठरवतो, हा या शास्त्राचा विषय आहे. त्याचे वादविवाद संशोधनपत्रिकांतून चालतात. या पत्रिका आपल्या कार्यकर्त्यांच्या व विद्यार्थ्यांच्या हाती सहसा पडत नाहीत. त्यांत आपल्या कामाचे काय आहे आणि सावध कोठे राहिले पाहिजे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

१

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संशोधनपत्रिका म्हणजे वरच्या वर्गाची मिरासदारी, तेथे आपले काय काम, असे आपले अनेक मित्र समजतात. त्यांनी एक जुनी गोष्ट आठवावी. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. तो निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या संशोधनपत्रिकेत छापून आला. ही पत्रिका जेम्स बर्जेस यांनी १८७२ साली मुंबईत सुरू केली होती.

त्या निबंधाचा गाभा मानसशास्त्रीय आहे, ही गोष्ट आपण फारशी ध्यानात घेत नाही. जात म्हणजे स्वतःभोवती कुंपण घालून घेतलेला वर्ग. बेटीबंदी हे तिचे सार. पण एका वर्गाने दार लावून घेतले तर बाकीच्यांनी का लावले? बाबासाहेबांचे उत्तर असे की काहींनी वरच्याचे अनुकरण म्हणून लावले आणि काहींना ते आपल्यावर लावलेले आढळले. अनुकरणाच्या मीमांसेसाठी त्यांनी फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द याचा आधार घेतला. अनुकरण वरून खाली झिरपते आणि अंतर वाढेल तसे क्षीण होते, हा तार्दचा सिद्धांत. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चाली ब्राह्मणांना जवळच्या जातींत पूर्ण दिसतात आणि दूर जावे तशा गळत जातात, हे बाबासाहेबांनी त्या सिद्धांताच्या आधारे दाखवून दिले.

पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’त त्यांनी बर्ट्रांड रसेलच्या समाजपुनर्रचनेवरील ग्रंथाचे परीक्षण केले. रसेल राजकारणाचे मूळ माणसाच्या प्रेरणांत शोधत होता आणि संपत्तीच्या मोहावर टीका करत होता. बाबासाहेबांनी त्याला हटकले. दोष संपत्तीत नाही, तिच्या विषम वाटपात आहे, असे त्यांचे म्हणणे. ज्याच्या घरात दाणा नाही त्याला संपत्तीचा तिटकारा शिकवणे म्हणजे काय, हे ज्याने ती स्थिती पाहिली आहे त्यालाच चटकन कळते. राजकीय मानसशास्त्राची स्वतंत्र पत्रिका निघाली १९७९ साली. म्हणजे तिच्या साठ वर्षे आधी आपला माणूस या विषयावर संशोधनपत्रिकांत लिहीत होता. हे दालन आपल्याला परके नाही.

२

१९७८ साली जीन नटसन या विदुषीच्या पुढाकाराने अमेरिकेत राजकीय मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि पुढल्या वर्षी ‘पोलिटिकल सायकॉलॉजी’ हे तिचे मुखपत्र सुरू झाले. अशा पत्रिकेची रीत साध्या मासिकाहून वेगळी असते. लेख आला की संपादक तो त्या विषयाच्या दोन-तीन जाणकारांकडे धाडतो. लेखक कोण हे बहुधा त्यांना सांगितले जात नाही. विधान कशावरून केले, माणसे किती, ती निवडली कशी, प्रश्न काय विचारले, हे सारे त्यांना पटले तरच लेख छापला जातो. छापल्यावरही वाद संपत नाही. दुसरा कोणी तोच प्रयोग पुन्हा करतो आणि पहिल्याला खोटे पाडू शकतो. पोथीत आणि शास्त्रात फरक हाच. पोथीला उलट प्रश्न विचारता येत नाही.

एका वादाचे उदाहरण घेऊ. १९९४ साली जॉन जोस्ट आणि महझरीन बानाजी यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी’त एक सिद्धांत मांडला. बानाजी या सिकंदराबादेत वाढलेल्या विदुषी. माणूस स्वतःच्या आणि स्वतःच्या गटाच्या हिताचे समर्थन करतो, हे तर उघडच आहे. पण तो ज्या व्यवस्थेत राहतो तिचेही समर्थन करतो, ती त्याच्या विरुद्ध असली तरीही, असे त्यांचे प्रतिपादन होते. आहे ते योग्यच आहे असे मानल्याने मनाला स्वस्थता लाभते. पुढे २००३ साली जोस्ट व सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले. जे सर्वांत खाली आहेत तेच कधी कधी व्यवस्थेला सर्वांत जास्त उचलून धरतात, असे त्यांनी अमेरिकन पाहण्यांच्या आधारे लिहिले.

हे वाचताना मला आमच्या खडकीतल्या घराची आठवण झाली. मी बारावीत असताना वस्तीत पाहणीसाठी एक गृहस्थ आले होते. हातात छापील कागद, प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. सरकारी कचेरीत तुम्हांला समान वागणूक मिळते का, असे त्यांनी आईला विचारले. आई म्हणाली, ‘‘मिळते की. सगळं चांगलं आहे, साहेब.’’ त्यांनी खूण केली आणि ते पुढच्या दाराकडे गेले. शेजारीण हसू लागली, तेव्हा आई म्हणाली, ‘‘त्याला काय सांगायचं? तो लिहून जाईल निघून. मला उद्या त्याच कचेरीत रेशनकार्डासाठी उभं राहायचंय.’’

त्या कागदावर माझी आई व्यवस्थेची समर्थक ठरली. तिचे मौन अज्ञानाचे नव्हते. ते हिशेबाचे होते.

तेव्हा अभ्यासकांचे निष्कर्ष खोटेच, असे मी म्हणणार नाही. शास्त्राने स्वतःच त्यांची तपासणी केली. २०१३ साली मार्क ब्रँड्ट याने ‘जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी’त अमेरिकेतील आणि इतर अनेक देशांतील मोठ्या पाहण्यांची आकडेवारी तपासली. खालचे लोक वरच्यांपेक्षा व्यवस्थेला अधिक मानतात, या विधानाला त्याला भक्कम आधार सापडला नाही. म्हणजे ‘लोकांनाच गुलामी आवडते’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या आपल्या मित्रांनी थोडे थांबावे. त्यांच्या या म्हणण्याला शास्त्राची साक्ष नाही.

पण दुसरी बाजूही लपवता कामा नये. आमची आजी शेजारच्या मातंगांच्या घरचे पाणी पीत नसे. घरात बुद्धाची तसबीर लागली तरी माठाचा हा नियम बरीच वर्षे टिकला. कोणी टोकले तर ती म्हणे, ‘‘आपण काय त्यांच्यासारखे आहोत?’’ हे हिशेबाचे मौन नव्हते. हे खरोखरीचे समर्थन होते. अमेरिकन सिद्धांतात समाजाचे दोनच भाग असतात, वरचा आणि खालचा. आजी त्यांतल्या कोणत्या भागात बसवावी? २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेचा उल्लेख केला, त्यात आजीचा उलगडा होतो. या उतरंडीत प्रत्येकाला पायाखाली घ्यायला कोणीतरी मिळतो, आणि तेवढ्या समाधानावर माणूस डोक्यावरचा भार सोसतो. मला वाटते, राजकीय मानसशास्त्राला भारताने द्यावयाची भर हीच आहे. ती भर घालण्यासाठी आजीचे घर आतून माहीत असणारा अभ्यासक लागतो, आणि आपल्याच घरातला माठ दाखवण्याचे धैर्यही लागते.

३

या शास्त्राने आपल्या बाजूचेही बरेच दिले आहे. हेन्री ताजफेल हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. त्याचे कुटुंबीय नाझींनी मारले. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याने व सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील शाळकरी मुलांचे अगदी क्षुल्लक कारणावरून दोन गट पाडले. एवढ्यावरही मुले बक्षिसाचे पैसे वाटताना आपल्या गटाला झुकते माप देऊ लागली. पुढे १९७९ साली त्याने जॉन टर्नरसह मांडले की हीन ठरवलेल्या गटापुढे तीन वाटा असतात. एकट्याने गट सोडून वर जाणे, आपल्या ओळखीचा अर्थ पालटून टाकणे आणि संघटित होऊन झगडणे.

या तिन्ही वाटा आपण चाललो आहोत. आडनाव बदलून पांढरपेशा वसाहतीत मिसळून गेलेले आपले बांधव पहिल्या वाटेचे. १४ ऑक्टोबर १९५६ चे धर्मांतर आणि १९७२ साली दलित पँथरने छाती ठोकून उच्चारलेला ‘दलित’ हा शब्द दुसऱ्या वाटेचे. महाड आणि नामांतराचा लढा तिसऱ्या वाटेचे. परंतु ताजफेलच्या मांडणीत जिथे उदाहरण म्हणून अमेरिकन काळे येतात तिथे नागपूरची दीक्षाभूमीही यावयास हवी होती. ती आली नाही, कारण ती तेथवर कोणी पोहोचवली नाही.

अमेरिकेतील काळ्या अभ्यासकांनी हे काम केले. केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने लहान काळ्या मुलांपुढे काळ्या व गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. हे निष्कर्ष संशोधनपत्रिकांत छापून आले. त्यांत हॉवर्ड विद्यापीठाने १९३२ साली काढलेली ‘जर्नल ऑफ नीग्रो एज्युकेशन’ ही काळ्यांची स्वतःची पत्रिकाही होती. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा निर्देश आहे. मोर्चा आणि संशोधन यांत आड भिंत नसते, याचा याहून ठळक दाखला मला ठाऊक नाही.

४

मग या पत्रिकांत आपण का नाही? २००८ साली ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’मध्ये जेफ्री आर्नेट याने प्रमुख मानसशास्त्रीय पत्रिकांची पाच वर्षांची मोजदाद केली. ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांतले ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले आणि ६८ टक्के एकट्या अमेरिकेतले होते. ‘मानवी मन’ म्हणून जे सांगितले जाते ते बरेचसे अमेरिकन कॉलेजकुमाराचे मन आहे.

दुसरी भिंत घरची आहे. २००२ साली गोपाळ गुरू यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रश्न उपस्थित केला की भारतीय समाजविज्ञाने तरी कितपत समतावादी आहेत? येथे सिद्धांत मांडणारे एक आणि अनुभव पुरवणारे दुसरे, अशी ज्ञानातही वर्णव्यवस्था आहे. पुढे २०१८ साली ते त्याच साप्ताहिकाचे संपादक झाले, पण त्यांचा प्रश्न अजून मिटलेला नाही.

तिसरी भिंत बाजाराची. २०१० पासून अध्यापकाची पदोन्नती लेखांच्या गुणांशी बांधली गेली आणि पैसे घेऊन आठ दिवसांत लेख छापणाऱ्या पत्रिकांचे पीक आले. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढावी लागली. नवी यादी २०१९ साली आली. तिच्या छाननीचे काम आमच्या खडकीला लागून असलेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही यादी बंद केल्याचे जाहीर केले. पैसे भरून छापलेला एक लेख माझ्याही नावावर आहे. अर्जात त्याचे गुण मिळाले. तो कोणी वाचला असेल असे वाटत नाही. पहिल्या पिढीतला अध्यापक या जाळ्यात लवकर सापडतो, कारण खरी पत्रिका कोणती आणि खोटी कोणती हे त्याला सांगणारे घरात कोणी नसते.

म्हणून विद्यार्थ्यांना व अध्यापकांना काही सांगतो. लेख घेण्याआधी पैसे मागणारी पत्रिका टाळा. ‘जर्नल ऑफ सोशल अँड पोलिटिकल सायकॉलॉजी’ ही २०१३ पासून निघणारी पत्रिका सर्वांना विनामूल्य वाचता येते. १९८९ पासून निघणारी ‘सायकॉलॉजी अँड डेव्हलपिंग सोसायटीज’ आपल्यासारख्या देशांचे प्रश्न घेते. केंद्र सरकारच्या २०२५ पासूनच्या योजनेत सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना खुली झाली आहेत. तुमची संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालाला विचारा. तीन-चार जणांनी मिळून महिन्याला एक लेख वाचा आणि त्याचा सारांश मराठीत लिहा. कोणताही लेख वाचताना तीन प्रश्न धरा. कोणाला विचारले? कोणी विचारले? खरे उत्तर देणाऱ्याला काय गमवावे लागले असते?

आणि लिहा. वस्तीत मत का फिरते, मोर्चाला कोण येते, कोण येत नाही, येत नाही तो घरी काय म्हणतो, हे कार्यकर्त्याला जेवढे ठाऊक आहे तेवढे कोणत्याही छापील कागदाला नाही. ते पद्धतशीर नोंदवले की त्याचा पुरावा होतो. बाबासाहेबांनी १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त लिहिले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला. एक विद्वानांच्या दरबारासाठी, दुसरे आपल्या माणसांसाठी. आपण दुसरा हात चालवत राहिलो. पहिला आखडून घेतला, तेव्हा आपल्याविषयी दुसरे लिहू लागले. माझ्या आईच्या उत्तरापुढे एका परक्या माणसाने खूण केली होती. ती खूण खोडून तिथे खरे उत्तर लिहिण्याचे काम आता आपल्याला करावयाचे आहे.